संगणक सुरू होताना अडकतो, तेव्हा

नवी कार्यप्रणाली टाकलेला संगणक सुरू होताना मध्येच थांबला, तर तो नेमका कोणत्या टप्प्यावर थांबला हे आधी पाहावे लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि किमान ४ जीबी रॅम लागते. या अटीत न बसणाऱ्या शाळा-ग्रामपंचायतींतल्या जुन्या संगणकांसाठी उबुंटू किंवा सी-डॅकची बॉस यांसारखी लिनक्स प्रणाली हा चांगला मार्ग आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतून बिघडलेला संगणक कल्याणला न्यायचा म्हणजे दिवस मोडतो. मुरबाडला तर रेल्वेही नाही. म्हणून दोष जागेवरच ओळखता येणे महत्त्वाचे. घाईने पुन्हा फॉरमॅट मारल्यास फायली जातात आणि मूळ कारण तसेच राहते.

संगणक ठरलेल्या क्रमाने जागा होतो. मदरबोर्डवरील बायोस किंवा यूईएफआय आधी रॅम, डिस्क तपासते. मग बूटलोडर चालतो. लिनक्समध्ये तो बहुधा ग्रब असतो. ग्रब कर्नल रॅममध्ये आणतो, कर्नल यंत्राचे भाग ताब्यात घेतो, त्यानंतर सेवा सुरू होतात आणि शेवटी लॉगिनचा पडदा येतो.

कंपनीच्या चिन्हावरच गाडी अडली, तर दोष बहुधा नव्या प्रणालीच्या आधीचा असतो. पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून पाहावे. वीज बंद करून रॅम काढून पुन्हा नीट बसवावी. घड्याळ दरवेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बहुधा संपलेला असतो. मुख्य वीज नसताना घड्याळ याच सेलवर चालते, त्यामुळे जिथे वीज वारंवार जाते किंवा बटण सुट्टीभर बंद असते तिथे तो लवकर उतरतो. सेल संपला की काही यंत्रांत बूट मोड आणि डिस्कचा एएचसीआय मोड मूळ स्थितीत जातात. मग टाकलेली प्रणाली सापडत नाही किंवा अर्ध्यात थांबते.

ग्रबनंतर पडदा काळा राहिला, तर कॅप्स लॉक दाबावे. दिवा बदलत असेल तर कर्नल बहुधा जिवंत आहे आणि संशय ग्राफिक्सवर जातो. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ (एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी) लिहावे आणि एफ१० दाबावे. हा बदल त्या वेळेपुरताच असतो. लॉगिन मिळाले की ग्राफिक्स कार्डाचा योग्य ड्रायव्हर टाकावा.

प्रणाली सुरू होत असल्याचे चिन्ह फिरतच राहिले, तर एस्केप दाबून मागचे संदेश वाचावेत. एखाद्या डिस्कची वाट पाहत असल्याचा संदेश ९० सेकंद दिसला, तर एफएसटॅब या फाइलमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या डिस्क-विभागाची नोंद उरलेली असू शकते, ती काढावी. वाचन-लेखनाच्या चुका येत असतील, तर डिस्कची स्मार्ट तपासणी करावी. खराब डिस्कवर फाइल्स ठेवणे धोक्याचे.

स्थापनेच्या वेळीच वीज गेली असेल, तर काही भाग अपुरे उतरलेले असतात. अशा वेळी पुन्हा स्थापना करावीच लागते. त्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक चालवून फायली दुसरीकडे घ्याव्यात. डाउनलोड केलेल्या फाइलची एसएचए-२५६ चेकसम संकेतस्थळावरील चेकसमशी जुळते का पाहावे, मेमटेस्टने रॅम तपासावी आणि यूपीएस जोडूनच काम सुरू करावे. लाइव्ह पेनड्राइव्हवरही संगणक अडकत असेल, तर दोष डिस्कवरच्या प्रणालीत नसून यंत्रात, ग्राफिक्समध्ये किंवा खुद्द पेनड्राइव्हमध्ये शोधावा.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर संगणक सुरू करून पाहावा. नेमका उपाय सापडला की बूट मोड, डिस्कचा मोड आणि केलेला बदल कागदावर लिहून कॅबिनेटवर चिकटवावा. शिक्षकाची किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली, तरी पुढच्या माणसाला ती नोंद कामी येते.