जाळीपलीकडचं मैदान

कॅन्सस सिटी, मिसुरी : इथल्या 'नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम'मध्ये शिरल्या शिरल्या मैदान दिसतं, पण त्यावर पाऊल टाकता येत नाही. मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी आहे. पलीकडे ब्राँझचे पुरुषभर उंचीचे खेळाडू. चेंडू टाकायच्या पवित्र्यात सॅचेल पेज, समोर बॅट घेऊन मार्टिन दिहिगो, त्याच्यामागे उकिडवा बसलेला जॉश गिब्सन. त्यांच्यापर्यंत पोचायला आधी सगळं संग्रहालय फिरावं लागतं. ही रचना मुद्दाम केली आहे. एके काळी कित्येक मैदानांवर काळ्या प्रेक्षकांना असंच जाळीमागे बसवत.

खेळाडूंना तर गोऱ्यांच्या संघांची दारंच बंद होती. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. संघमालकांनी आपसात ठरवलं होतं आणि साठेक वर्षं ते निभावलं. म्हणून १९२० साली रूब फॉस्टर यांनी याच शहरातल्या वायएमसीएमध्ये काळ्या खेळाडूंच्या संघांचे मालक जमवले आणि स्वतंत्र लीग उभी केली.

गिब्सनची हकिगत मला फार लागली. २० जानेवारी १९४७ला तो पिट्सबर्गमध्ये गेला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. तीन महिनेही झाले नाहीत तोच, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू गोऱ्यांच्या ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि दार उघडलं. गिब्सनच्या कबरीवर १९७५पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता.

बेसबॉल इथल्या माणसांना आकड्यांतून आठवतो. ब्रॅडमनचे ९९.९४ आपल्याकडे जसे पाठ असतात, तसे इथं टाय कॉबचे .३६७. म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींमागे ३६७ यशस्वी फटके. अशा देशात नोंदवहीत नाव नसणं म्हणजे खेळलाच नाहीत असं म्हणण्यासारखं. १९६९ साली कुठल्या लीग 'मेजर', म्हणजे अव्वल दर्जाच्या, धरायच्या हे ठरवायला समिती बसली, तिनं काळ्या खेळाडूंच्या लीगचा विचारही केला नाही. ती चूक मान्य व्हायला २०२० उजाडलं. मे २०२४मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या २,३००हून अधिक खेळाडूंची कामगिरी अधिकृत नोंदींत चढली. गिब्सनचे .३७२ भरले, कॉब दुसरा झाला.

हे आकडे आयते मिळालेले नाहीत. 'पिट्सबर्ग कुरियर', 'शिकागो डिफेंडर' यांसारख्या काळ्या समाजाच्या वर्तमानपत्रांतले धावफलक संशोधकांनी वर्षानुवर्षं एकेक करून वेचले. तरी कुरकूर ऐकू येतेच : त्यांचे मोसम साठ-ऐंशी सामन्यांचे, गोऱ्यांचे १५४ सामन्यांचे, मग तुलना कशी? मला ही तक्रार पटत नाही. लीगच्या सामन्यांवर पोट भरत नसे, म्हणून हे लोक उरलेले दिवस बसने गावोगाव जाऊन प्रदर्शनी सामने खेळायचे. ते सामने या हिशेबात धरलेलेच नाहीत.

विली मेझना मात्र हे पाहायला मिळालं. १९४८मध्ये, सतरा वर्षांचे असताना, ते बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळले होते. त्या पोरवयातले दहा फटके त्यांच्या खात्यावर चढले तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. तीन आठवड्यांनी ते गेले.

या संग्रहालयासाठी आयुष्याची अखेरची वर्षं वेचणारे बक ओनील कॅन्सस सिटी मोनार्क्सचे खेळाडू आणि पुढं व्यवस्थापक. १९६२मध्ये मेजर लीगचे पहिले काळे प्रशिक्षक झाले. २००६ साली कूपर्सटाउनच्या 'हॉल ऑफ फेम'साठी काळ्या बेसबॉलमधल्या सतरा जणांची निवड झाली, त्यांत ओनील यांचं नाव नव्हतं. निवडलेल्या सतरांपैकी एकही हयात नव्हता. त्यांच्या वतीनं बोलायला कुणीतरी हवं होतं, तर चौऱ्याण्णव वर्षांचे ओनील स्वतः गेले. मनात कडवटपणा नाही म्हणाले आणि जमलेल्या सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावून गाणं म्हणवून घेतलं. त्याच ऑक्टोबरात ते वारले. त्यांना स्वतःला तो मान मिळाला २०२२मध्ये.

फिरून फिरून शेवटी मैदानावर पोचले तेव्हा माझ्यापुढं एक आजोबा नातवाला घेऊन चालले होते. पोरगा थेट गिब्सनपाशी गेला, त्याच्यासारखाच उकिडवा बसला आणि पेजच्या दिशेनं दोन्ही हात पुढं केले. आजोबांनी त्याला उठवलं नाही.