लोणावळ्यातला पारा

पाऱ्याच्या प्रदूषणावरच्या जागतिक कराराबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला आधी लोणावळ्याचं कैवल्यधाम आठवलं. स्वामी कुवलयानंदांनी ते 1924 मध्ये स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू केलं. योगक्रिया प्रयोगशाळेत पारखून घ्यायच्या, हा त्यांचा निर्धार होता. नौली ही पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया करताना आत काय घडतं हे पाहण्यासाठी त्यांनी पाऱ्याचा दाबमापक लावला. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे पाऱ्यानं दाखवून दिलं. या निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदास यांचं नाव दिलं.

या यंत्राचा साधेपणा मला थक्क करतो. वाकवलेली काचेची नळी आणि तिच्यात पारा. एक तोंड हवेला उघडं, दुसरं रबरी नळीनं मोजायच्या जागेशी जोडलेलं. दाब बदलला की एकीकडचा पारा उतरतो, दुसरीकडचा चढतो. दोन्ही पातळ्यांतलं अंतर पट्टीवर वाचायचं. सैल पडायला स्प्रिंग नाही, संपायला बॅटरी नाही. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. म्हणून 120 मिलिमीटर पारा जो दाब तोलतो, त्यासाठी पाण्याला दीड मीटरहून उंच नळी लागेल. रक्तदाब मोजताना डॉक्टरांचा या यंत्रावर इतका विश्वास बसला तो उगाच नाही.

पण जपानमधल्या मिनामाता इथं कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथिल पारा मासळीत साठला आणि ती खाणाऱ्यांची मज्जासंस्था उद्ध्वस्त झाली. 1956 मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. पाऱ्याची वाफ वाऱ्याबरोबर देशोदेशी जाते. एकट्या देशाला तिला आवर घालता येत नाही. म्हणून 2013 मध्ये मिनामाता करार झाला आणि 2017 मध्ये तो लागू झाला. भारतानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली.

खरी अडचण पुढे आहे. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबमापक बनवणं, त्यांची आयात-निर्यात करणं थांबवायला करारानं 2020 ची मुदत घातली. सवलत घेणाऱ्या देशांना मुळात 2025 पर्यंत वेळ होता. दवाखान्यात आधीपासून असलेल्या यंत्रांचा वापर मात्र या बंदीनं रोखलेला नाही. अशा एका रक्तदाबमापकात सुमारे 100 ग्रॅम पारा असतो. यंत्र मोडीत निघालं की तो जाणार कुठे? कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना 2001 मध्ये बंद पडला, त्यानंतर तिथला पाराबाधित कचरा 2003 मध्ये अमेरिकेला पाठवावा लागला. गावोगावच्या कपाटांतल्या पाऱ्यासाठी असं जहाज येणार नाही. तो नाल्यात गेला तर नष्ट होत नाही. गाळातले जिवाणू त्याचाच मिथिल पारा बनवतात. इंद्रायणी आणि पवना मावळातूनच पुढे जातात, हे विसरून चालणार नाही.

म्हणून लोणावळा नगरपरिषदेनं आणि मावळातल्या डॉक्टरांनी जुन्या यंत्रांची यादी करून ती धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे सोपवावीत. आणि घरात थर्मामीटर फुटला तर वाचकांनी झाडू फिरवू नये. खिडक्या उघडाव्यात, जाड कागदानं गोळे उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत आणि ती बाटली रोजच्या कचऱ्यात टाकू नये.