आउट काढताना

सायकल शर्यतीचा खरा खर्च प्रवेश अर्जावर नसतो. तो आदल्या संध्याकाळी दुकानात कळतो. पुण्यातल्या एका दुकानात मेकॅनिक कॉलेजातल्या पोराच्या चाकाचा आउट काढत होता. चाक फिरवायचं, ब्रेकच्या रबराशी डोळा न्यायचा. रिम केसभर डावीकडे जात होती. तिथले उजवे स्पोक पाव आटा आवळले, डावे तेवढेच सैल केले, पुन्हा फिरवलं. मग गेज चेनमध्ये सरळ आत गेलं.

“चेन लांबलीय. आत्ता बदल, नाहीतर कॅसेट खाईल.”

“काका, एवढी रेस काढू द्या.”

त्या पोराची सायकल सेकंडहँड, अॅल्युमिनियमची. शेजारी टांगलेली कार्बनची लाखाच्या कितीतरी वरची. तिचा फायदा किती? स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरा. १ किलो कमी केला, तर अर्ध्या तासाच्या चढावर साधारण २० सेकंद वाचतात. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरतो तो बोरघाटात. तिथे २० सेकंद म्हणजे पुष्कळ. सपाटीवर मात्र खरी झुंज हवेशी. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की बरीच ताकद वाचते, म्हणून साधी सायकलही घोळक्यात टिकते. घोळका सुटला की संपलं.

हौशी मंडळी नेमकी इथेच शर्यतीपासून दुरावली, असं मला वाटतं. रविवारी पहाटे रस्त्यावर सायकली दिसतात भरपूर, पण त्यातले बरेच जण बीआरएमकडे, म्हणजे वेळेच्या मर्यादेतल्या लांब पल्ल्याच्या राइडकडे वळलेत. २०० किलोमीटर, साडेतेरा तास, नंबर कुणालाच नाही. वेळेत पोचलात की झालं. डॉक्टर, आयटीवाले खुशीत जातात आणि (गंमत म्हणजे) महागड्या सायकली त्यांच्याकडेच असतात. शर्यतीला उरतात ती चेन बदलायला कचरणारी पोरं.

त्यांच्यासाठी वाट आहे. राष्ट्रीय रोड स्पर्धांमध्ये भारतीय बनावटीच्या सायकलींचा वेगळा गट ठेवला गेला आहे. गावोगावच्या आयोजकांनीही तो ठेवावा, पण उपचार म्हणून नको: त्या गटाला स्वतंत्र स्टार्ट द्या आणि बक्षिसाची रक्कम कार्बनवाल्यांइतकीच ठेवा.