‘स्कोल्ड’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उगम

इंग्रजीच्या पाठात ‘स्कोल्ड’ हे क्रियापद आले म्हणजे ‘रागावणे’ असा अर्थ सांगून आपण पुढे जातो. हा अर्थ चुकीचा नव्हे; पण अपुरा आहे. राग ही मनाची अवस्था होय. मनुष्य अबोल राहूनही रागावू शकतो; न बोलता ‘स्कोल्ड’ मात्र करता येत नाही. शिवाय मराठीत आपण कोणावर तरी रागावतो, तर इंग्रजीत ‘स्कोल्ड’ला सरळ कर्म लागते. आपल्या ‘वर’साठी मुले तेथे ‘ऑन’ घालतात, ती चूक यातूनच उद्भवते. म्हणून ‘आईने मुलाला दटावले’ असे वाक्य घेऊन हा शब्द शिकविणे अधिक सोयीचे होय.

या शब्दाचा उगम मनोरंजक आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘स्काल्ड’ म्हणजे कवी. त्यापासूनच बहुधा ‘स्कोल्ड’ आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. नॉर्वे व आइसलंडमधील हे कवी राजांची स्तुती गात, त्याचप्रमाणे निंदेची कवनेही रचीत. त्या कवनांचा धाक एवढा की, ‘ग्रागास’ या आइसलंडच्या जुन्या कायदेसंग्रहात ती रचणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द प्रथम नाम म्हणून आला. तोंडाळ, भांडखोर व्यक्ती, विशेषतः स्त्री, असा त्याचा अर्थ होता. पुढे त्याचे क्रियापद झाले. इंग्लंडच्या कायद्यात अशा स्त्रीचे भांडखोरपण हा गुन्हाच होता. तिला खुर्चीस बांधून पाण्यात बुडवून काढीत. ती शिक्षा कालांतराने मागे पडली, तरी तो गुन्हा कायद्यातून निघाला १९६७ साली.

याउलट ‘ॲडमॉनिश’ हे क्रियापद पाहावे. त्याच्या मुळाशी सावध करणे, आठवण देणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. पहिल्या शब्दाच्या पूर्वेतिहासात निंदा आहे, दुसऱ्याच्या मुळाशी हित. मराठीतही ‘पाणउतारा’ आणि ‘कानउघाडणी’ यांत हाच भेद दिसतो. एकाने मुलाची मान खाली जाते, दुसरीने कान उघडतात.

हा भेद केवळ शब्दकोशापुरता नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. तेव्हा शब्द शिकविताना मुलांना दोन्ही अर्थ सांगावेत; आणि वर्गात बोलताना यांपैकी कोणता आपल्या तोंडी येतो, हे शिक्षकांनी स्वतःशी पडताळावे.