फॅट, प्रकाश आणि एक पातळ पापुद्रा

ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. या पट्ट्यात दोन्ही वेळेला कॅन-किटल्या डेअरीवर पोचतात आणि पावती हातात पडली की नजर आधी फॅटवर जाते. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) ही भावाची पायरी; फॅट त्याखाली उतरली की पैसे कापले जातात. हा आकडा काढण्याच्या पद्धती बदलत गेल्या आणि त्यातल्या एकीने डेअरीच्या टेबलावर चक्क प्रकाशाचं विखुरणं आणून ठेवलं.

सुरुवात आम्लाने झाली. 1890च्या दशकात स्वित्झर्लंडच्या निकलाउस गेर्बर यांनी बसवलेली रीत: नळीत सल्फ्युरिक आम्ल, त्यावर दूध, थोडं अमिल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज. आम्लात प्रथिनं विरघळतात, स्निग्धांश मोकळा होऊन वर येतो.

मोकळा होतो, कारण आधी तो बांधलेला असतो. कासेतल्या पेशीतून बाहेर पडताना स्निग्धाचा प्रत्येक थेंब त्या पेशीच्याच पटलाचा तुकडा अंगाभोवती लपेटून घेतो. बार्गमन आणि क्नूप यांनी 1959 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवलं. थेंब सरासरी तीन-चार मायक्रॉनचा, पापुद्रा मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतका. तरी त्याच्यामुळेच थेंब एकमेकांत मिसळत नाहीत.

दूध पांढरं दिसतं ते हे थेंब आणि केसीन या प्रथिनाचे कण प्रकाश विखुरतात म्हणून. मग विखुरलेल्या प्रकाशावरूनच फॅट का मोजू नये? अडचणी दोन: केसीनही प्रकाश विखुरतं, आणि विखुरणं नुसत्या प्रमाणावर नाही, थेंबाच्या आकारावरही ठरतं. गुस्टाव मी यांनी 1908 मध्ये त्याचं गणित मांडलं होतं. डेन्मार्कच्या फॉस कंपनीने 1960च्या दशकात आणलेल्या मिल्को टेस्टरने दोन्ही अडचणी सोडवल्या. ईडीटीएच्या द्रावणाने केसीनचे कण फोडून त्यांचा पांढरेपणा घालवला आणि दाब देऊन थेंब बारीक, एकसारखे केले. मग उरलेला गढूळपणा स्निग्धाचाच. दिव्याचा जितका कमी उजेड पलीकडे पोचेल, तितकी फॅट जास्त.

भारतातल्या दूध सोसायट्यांत हे यंत्र रुळलं, जयपूरच्या सरकारी कंपनीने ते इथे बनवलंही. आम्लाने हात भाजायची भीती गेली, रांग भराभर सरकू लागली. एक गोष्ट मात्र हातची गेली, आणि ती लहान नाही: गेर्बरच्या नळीतला पिवळा थर शेतकऱ्याला स्वतः पाहता यायचा, यंत्र फक्त आकडा देतं. त्यामुळे यंत्राचं कॅलिब्रेशन वेळच्या वेळी, दूध घालणाऱ्यांसमोर व्हायला हवं. ते ताडून पाहायला आजही गेर्बरची नळी कामी येते.

मंचरला 1992 मध्ये पराग मिल्क फूड्स सुरू झाली, या पट्ट्यातलं दूध चीज-तुपाकडे वळलं. आता गावोगावच्या संकलन केंद्रांवर अल्ट्रासोनिक अ‍ॅनालायझर दिसतात, मोठ्या प्रकल्पांत इन्फ्रारेड.

विखुरणाऱ्या प्रकाशाचं काम मात्र पेशींकडे सरकलं. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकेक करून लेसरसमोरून जातात. समोर विखुरलेला उजेड पेशीचा आकार सांगतो, बाजूला गेलेला तिच्या आतला दाणेदारपणा. कासदाहात दुधात पांढऱ्या पेशी वाढतात, त्यांतल्या न्यूट्रोफिल अशा ओळखता येतात.

गोठ्यात लेसर नाही, पण 1957 पासून चालत आलेली कासदाहाची कॅलिफोर्निया चाचणी आहे. चार कप्प्यांच्या ताटलीत चारही सडांचं दूध वेगवेगळं पिळायचं, डिटर्जंटचं द्रावण घालून फिरवायचं. पेशींची पटलं फुटतात, आतला डीएनए बाहेर येऊन दूध चिकट होतं. ज्या कप्प्यात ते घट्ट झालं, त्या सडाचं दूध कॅनमध्ये जाऊ द्यायचं नाही.