अंतर नसेल तर काँक्रीट

लष्करी तळ स्फोटापासून वाचवायचा, तर इंजिनिअरला सगळ्यात आधी हवे असते मोकळे अंतर. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. भिंतीला खेटून फुटलेला ट्रक इमारत पाडतो; तोच बराच दूर फुटला तर बहुधा काचांवर निभावते. 23 ऑक्टोबर 1983 रोजी बैरुतमध्ये स्फोटकांचा ट्रक थेट बराकीत घुसला आणि 241 अमेरिकी सैनिक मारले गेले. वाळवंटात हे अंतर फुकट मिळते. भरवस्तीत मात्र कुंपणापलीकडे लगेच दुकाने, घरे आणि वाहता रस्ता.

2003 नंतर बगदादमध्ये अमेरिकी इंजिनिअरांनी ही उणीव काँक्रीटने भरून काढली. कमरेएवढा ‘जर्सी’ अडथळा गाड्यांचा वेग मोडायला, तर बारा फुटी ‘टी-वॉल’ स्फोटाचा मारा आणि उडणारे तुकडे अडवायला. उलट्या टी अक्षरासारख्या रुंद बुडावर उभी राहणारी ही एकेक फळी सुमारे सहा टनांची.

2008च्या वसंतात बगदादमधल्याच सद्र सिटीतून ग्रीन झोनवर, म्हणजे अमेरिकी तळ आणि सरकारी कचेऱ्यांच्या तटबंद भागावर, रॉकेटे पडू लागली. सुमारे वीस लाखांच्या त्या वस्तीत तोफा डागून भागणार नव्हते. मग रॉकेटवाल्यांनाच पल्ल्याबाहेर ढकलायचे ठरले. अल-कुद्स रस्त्यावर महिनाभरात सुमारे 3 हजार फळ्या उभ्या राहिल्या. क्रेन फळी टेकवी, सैनिक शिडीवर चढून साखळी सोडवी आणि गोळीबारातच पुढची फळी येई. तळाचे संरक्षण असे तळापासून काही किलोमीटर दूर, लोकांच्या दारात झाले. जमिला हा मोठा घाऊक बाजार भिंतीच्या एका बाजूला राहिला, बहुतेक गिऱ्हाईक दुसऱ्या.

रहिवाशांनी मोजलेली ही किंमत नकाशावर दिसत नाही. वर्षभर आधी बगदादच्याच अधमिया भागाभोवती भिंत उठू लागली, तेव्हा रहिवासी निषेधाला रस्त्यावर उतरले आणि इराकचे तेव्हाचे पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांनीही काम थांबवायला सांगितले.

पण भिंत काढणेही सोपे नाही. ऑगस्ट 2009मध्ये सरकारने रस्त्यांवरच्या फळ्या हटवायला घेतल्या. 19 तारखेला परराष्ट्र आणि अर्थ मंत्रालयांपाशी ट्रक फुटले, शंभराच्या आसपास माणसे गेली. हटवण्याचे काम तिथेच अडले. अशा आदेशावर सही करणाऱ्याच्या माथी पुढचा प्रत्येक स्फोट येतो. ग्रीन झोनचे रस्ते सर्वांसाठी पुरते खुले व्हायला जून 2019 उजाडला.