ऐकू येईनासे झाल्यावर

यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरला मंद होत जाणारे कान नवे नाहीत. वर्षानुवर्षे मागावर उभ्या राहिलेल्या कामगाराची श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होते आणि घरच्यांनाही त्याची सवय होऊन जाते. परंतु सकाळी जाग यावी आणि एक कान पूर्ण मुका झालेला आढळावा, हा आघात निराळाच. जून २०२४ मध्ये ज्येष्ठ पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी विमानातून उतरताच आपल्याला अचानक ऐकू येईनासे झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हा विकार अनेकांना प्रथमच ठाऊक झाला.

तीन दिवसांच्या आत श्रवणशक्ती ३० डेसिबल वा त्याहून अधिक घटली, तर वैद्यकशास्त्र त्यास आकस्मिक बधिरत्व म्हणते. बहुधा एकच कान बाधित होतो आणि बहुतेक रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. घात होतो तो दिरंगाईने. ‘मळ साचला असेल’, ‘सर्दीने दडा बसला असेल’ असे म्हणत कानात तेल घालून आठवडा काढला जातो. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तरच लाभाची शक्यता अधिक असते. म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घेणे श्रेयस्कर.

गेलेले ऐकणे प्रत्येकाला परत मिळतेच असे नाही. मग कानात अखंड गुंजारव राहतो, हाक कोणत्या दिशेने आली ते उमगत नाही, लग्नघरच्या गप्पांत हसू सर्वांच्या मागून येते. ‘श्रावक’ या शब्दातच ऐकणे आहे. प्रवचनमंडपात बसूनही एक शब्द कळू नये, याची वेदना म्हणूनच खोल असते. अशा वेळी कुटुंबाने ओरडून बोलू नये. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड राहील असे बसून, सावकाश बोलावे. न कळल्यास लिहून दाखवावे. ‘जाऊ दे, काही नाही’ हे वाक्य मात्र कधीही उच्चारू नये. तेच माणसाला घरात एकटे पाडते.

या एकटेपणातून लोकसेवेची वाट काढणाऱ्यांत ब्रिटनच्या संसदेतील जॅक ॲशली यांचे नाव अग्रणी आहे. चौदाव्या वर्षी कारखान्यात राबू लागलेले ॲशली १९६६ मध्ये खासदार झाले. पुढच्याच वर्षी कानाच्या एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांना पूर्ण बहिरेपण आले. त्यांनी राजीनाम्याची तयारी केली होती. पण मतदारसंघातील लोकांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांना थांबवले. ओठांवरून बोलणे ओळखण्यास शिकून ते सभागृहात परतले. स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत नसे. तरीही थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या भरपाईसाठी आणि अपंगांच्या हक्कांसाठी ते दशकानुदशके झगडले. पत्नी पॉलीन यांची साथ मोलाची ठरली. सुमारे पंचवीस वर्षांनंतर कॉक्लियर इम्प्लांटमुळे त्यांना पुन्हा काही प्रमाणात ऐकू येऊ लागले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असल्यास ‘कमी ऐकणारा’ आणि ७० डेसिबल असल्यास ‘बधिर’ अशी त्यातील व्याख्या आहे. एकच कान गेलेला माणूस या व्याख्येत बसत नाही. त्याची अडचण मात्र खरीच असते. पात्र व्यक्तीलाही ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज, सरकारी रुग्णालयातील तपासणी, कागदपत्रे असा प्रवास करावा लागतो. खिडकीवर पुकारलेले नाव ऐकू न आल्याने ज्याची पाळी हुकते, त्याला सोबत कोणी असणे हीच मोठी मदत.

स्वयंसेवेला येथूनच आरंभ करता येतो. आठवड्यातून एक सकाळ रुग्णालयात कुणाच्या सोबतीला द्यावी, अर्ज भरून द्यावा. मंदिरातील प्रवचनाचा सारांश फलकावर लिहावा, पुढची एक रांग कमी ऐकणाऱ्यांसाठी राखावी, सभेच्या पडद्यावर मजकूर दिसावा असा आग्रह धरावा. ज्यांचे स्वतःचे ऐकणे गेले आहे, ते हे काम अधिक जाणतेपणाने करू शकतात. नव्याने या आघातात सापडलेल्या माणसाला कोणता प्रश्न विचारायचा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. श्रवण थांबले तरी स्वाध्याय थांबत नाही आणि सेवाही थांबत नाही.